बिनसोन्याच्या जिल्ह्यात सोनं धुताना

बिंदुसरेच्या वाळूत सोनं नाही. सिंदफणेच्या नाही, मांजरेच्याही नाही. गेवराई-माजलगावच्या अंगाने वाहणारी गोदावरी त्र्यंबकेश्वरपासून इथवर काळ्या कातळावरूनच येते, त्यामुळे तिच्याकडूनही आशा धरू नये. मोबाइलवर अलास्का-ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून घमेलं उचलून पात्रात उतरायला निघालेल्या बीडकराला हे आधी सांगितलेलं बरं. सोनं धुण्याची विद्या मात्र या भागाला परकी नाही. ती नदीकाठी न वाढता सराफ्याच्या बोळात वाढली, एवढाच फरक.

नदीत सोनं का नाही, याचं उत्तर जमिनीखाली आहे. बीड जिल्हा जवळजवळ सगळा दख्खनच्या बेसाल्टवर बसला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंतचा बालाघाटचा डोंगर त्यातूनच घडला. बेसाल्टमध्ये सोन्याचा अंशच नसतो असं नाही. पृथ्वीच्या कवचात टनामागे काही मिलिग्रॅम सोनं असतं, आणि बेसाल्टही त्याच मापाचा. टनाला चार मिलिग्रॅम धरले तर दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी अडीच हजार टन दगड लागेल. वीस टनी हायवा धरला तर सव्वाशे खेपा. एवढं करूनही हाती काही यायचं नाही, कारण हे सोनं सुट्या कणांत नसून दगडाच्या खनिजांतच विरलेलं असतं आणि पाण्याने ते सुटत नाही.

वाळूत सुटा कण यायचा तर नदीच्या वरच्या अंगाला सोन्याच्या गारशिरा हव्यात. अशा शिरा दख्खनच्या लाव्ह्याहून फार जुन्या खडकांत सापडतात. कर्नाटकातले धारवाडी खडक अडीचशे कोटी वर्षांपलीकडचे आहेत. महाराष्ट्रात पाहायचं तर नागपूर-भंडाऱ्याकडे जावं लागतं. तिथल्या साकोली पट्ट्यातल्या प्राचीन खडकांत, कोलारी-भावरी आणि परसोडीच्या परिसरात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याचा शोध घेतलेला आहे.

नावाचा योगायोग गमतीचा आहे. बीडचा बालाघाट सोन्याच्या बाबतीत कोरा, पण मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेच्या उपनद्यांची वाळू धुऊन पोट भरणारे लोक होते. रॉबर्ट व्हेन रसेल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात सोनझारा या सोनं धुणाऱ्यांवर स्वतंत्र टिपण आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या गटात ‘सोनझरी झरेका’ हे नाव आजही वाचायला मिळतं. छत्तीसगडमधली ईब, झारखंडची सुवर्णरेखा आणि केरळात निलांबूरजवळची चालियार या नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालत आलं. दिवसभर पाण्यात वाकून उभं राहायचं आणि संध्याकाळी तांदळाच्या कणीहूनही बारीक काही कण घेऊन व्यापाऱ्याकडे जायचं, असा हा धंदा. ‘छंद’ म्हणून सोनं धुणं ही कल्पना त्या लोकांना चेष्टेचीच वाटली असती.

आता या कामाचं तंत्र. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड आणि साधी वाळू २.६५ पट. हवेत दोघांच्या वजनात सातपट फरक पडतो. पण पाण्यात बुडालेली प्रत्येक वस्तू स्वतःएवढ्या पाण्याचं वजन गमावते. त्यामुळे पाण्याखाली सामना १८.३ विरुद्ध १.६५ असा होतो, म्हणजे अकरापट. सातपटीचा फरक नुसता पाणी ओतून अकरापट होतो. परातीत सोनं धुण्याचा, म्हणजे पॅनिंगचा, सगळा डाव या एका गोष्टीवर उभा आहे.

शेतकऱ्याच्या घरात हेच काम सूप करतं. सुपाला झटका देऊन धान्य वर उडवलं की फोल वाऱ्यावर जातं, दाणा परत पडतो आणि खडा मागच्या अंगाला गोळा होतो. सोन्याच्या परातीत वाऱ्याची जागा पाणी घेतं. आणि पाणी नसेल तर? १८९०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डी आणि कालगुर्लीला सोन्यासाठी माणसांची रीघ लागली, तेव्हा त्या वाळवंटात प्यायचं पाणीसुद्धा विकत मिळत होतं. तिथल्या लोकांनी सुकी माती एका थाळीतून दुसऱ्या थाळीत उंचावरून ओतायला सुरुवात केली. धूळ वारा नेई, जड माल खाली साठे. ही सरळसरळ उफणणी. दुष्काळी मुलखातल्या माणसाला ती शिकवावी लागली नसती. कालगुर्लीला नळाचं पाणी पोचलं ते पुढे १९०३ साली, पाचशेहून जास्त किलोमीटर लांबीच्या वाहिनीने.

परात धुण्याची रीत अशी. आधी माल चाळून घ्यायचा. नवशिके हेच टाळतात आणि फसतात. पाण्यात पडताना एक मिलिमीटरचा सोन्याचा कण आणि सुमारे अकरा मिलिमीटरची गारगोटी साधारण एकाच वेगाने खाली जातात. दोन्ही एकाच परातीत असतील तर पाण्याला त्यांच्यात निवड करता येत नाही. चाळून माल एका मापाचा केला की मग केवळ जडपणा उरतो. त्यानंतर परात पाण्याखाली धरून आडवी जोरात हलवायची, म्हणजे वाळू सैल होते आणि जड कण फटींतून तळाशी उतरतात. मग पुढचा काठ किंचित खाली करून, लाटेने चाटून न्यावं तसा वरचा थर पाण्याबरोबर जाऊ द्यायचा. पुन्हा हलवायचं, पुन्हा सोडायचं. आजच्या प्लास्टिकच्या परातींना एका बाजूला आतून खाचा असतात. जड कण त्यांत अडकतो. परात काळी किंवा हिरवी असते ती पिवळा कण उठून दिसावा म्हणून. स्टीलच्या चकाकत्या परातीत बारीक सोनं डोळ्याला सापडत नाही. आणखी एक खुबी: पिठासारखं सोनं कधी कधी पाण्यावर चक्क तरंगतं. हाताचं तेल त्याला लागलेलं असतं आणि पाण्याचा पृष्ठताण त्याला बुडू देत नाही. भांडी घासायच्या द्रावाचा एक थेंब टाकला की ते खाली बसतं.

हा प्रयोग बेसाल्टच्या वाळूवर केला तरी परात अगदी रिकामी राहत नाही. शेवटी काठाशी एक काळीभोर, बारीक रेघ उरते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवलं की त्यातले बरेच कण टपटप चिकटतात. हे मॅग्नेटाइट, टायटॅनियम मिसळलेलं लोहखनिज, पाण्याच्या पाचपट जड. सोन्याच्या नदीत काम करणारा माणूस आधी ही काळी रेघच शोधतो, कारण पाण्याने मॅग्नेटाइट जिथे टाकलं तिथे सोनंही टाकलं असण्याची शक्यता असते: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या पाठीमागे, कातळाच्या चिरांत. बिंदुसरेची काळी रेघ कारागिरीच्या दृष्टीने अस्सल आहे. तिच्यात पिवळं काही नाही, इतकंच.

पिवळं असतं ते सराफ्यात.

सोनार कानस फिरवतो तेव्हा कीस उडतो. डाग देताना, तार ओढताना, झिलई करताना कण सांडतात, कपड्याला चिकटतात, हात धुतल्या पाण्याबरोबर मोरीत जातात. हा केर फेकायचा नसतो हे प्रत्येक कारागिराला ठाऊक असतं. तो साठवला जातो आणि विकला जातो. विकत घेणारा तो झारेकरी. महाराष्ट्रात झारेकऱ्यांची वेगळी जातच होती. गुजरातेत याच कामाला धूळधोया म्हणतात आणि उत्तरेत न्यारिया. दुकानातला केर विकत घेणं ही एक तऱ्हा. पहाटे सराफ बाजारातला रस्ता आणि गटाराचा गाळ झाडून नेणं ही दुसरी. मुंबईचा झवेरी बाजार किंवा जळगावसारखी सोन्याची पेठ असेल तर रस्त्याच्या धुळीलाही किंमत येते.

झारेकऱ्याची पद्धत पाहिली तर ती एखाद्या खाणीच्या कारखान्याची छोटी आवृत्ती वाटावी. केर आधी जाळायचा. केस, चिंध्या, लाकडाचा भुसा, कागद यांची राख होते आणि ढिगाचा आकार एकदम उतरतो. राख कुटून चाळायची. मग चुंबक, कारण कानशीचे आणि करवतीच्या पात्यांचे लोखंडी कण त्यात भरपूर असतात. त्यानंतर परात आणि पाणी: बसून, मांडीजवळ परात धरून, मनगटाच्या हेलकाव्याने राख आणि माती बाहेर. उरलेल्या जड मालात पारा घालून मळायचा. पारा सोनं-चांदी उचलतो, दगडमाती उचलत नाही. फडक्यातून पिळला की जास्तीचा पारा बाहेर येतो आणि आत करडा, मऊ गोळा राहतो. तो तापवून पारा उडवायचा, उरलेल्या धातूतली चांदी आणि तांबं तेजाबात विरघळवून काढायचं आणि शेवटी मुशीत टाकणखार घालून आटवायचं. १०६४ अंशांना सोनं वितळतं, तेव्हा महिन्याभराच्या केराची बेरीज एका छोट्या मण्यात दिसते.

खाणीच्या हिशेबाने सराफ्याचा केर फार श्रीमंत माल आहे. कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीत टनामागे काही ग्रॅम निघाले तरी खाण चालते. सोनाराच्या बैठकीखालचा केर त्याहून कितीतरी वरचढ, म्हणून तर एक माणूस परात आणि शेगडीवर त्यातून पोट भरू शकला. पण या कामाची किंमत झारेकऱ्याच्या शरीराने मोजली. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत पारा उडवणाऱ्याच्या मज्जासंस्थेवर आणि मूत्रपिंडावर तिचा परिणाम होतो, आणि त्याच खोलीत बहुधा घरातली मुलंही असत. तेजाबाचा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो. जगभर पाऱ्याचं जे उत्सर्जन माणसामुळे होतं त्यातला सर्वांत मोठा वाटा लहान प्रमाणावर सोनं काढणाऱ्यांचा आहे. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात, जो २०१३ साली ठरला आणि भारताने २०१८ मध्ये मान्य केला, या कामाची स्वतंत्र दखल आहे.

पारा टाळता येतो. फिलिपिन्समधल्या बेंगेत प्रांतातले खाणकरी पाण्याने धुऊन माल इतका घट्ट करतात की पाऱ्याची गरजच राहत नाही. मग टाकणखार घालून सरळ आटवतात. टाकणखाराने इतर खनिजं लवकर वितळून वेगळी होतात. झारेकऱ्याच्या मुशीतही टाकणखार होताच, फक्त त्याआधी पाऱ्याचा मुक्काम होता. धुणं जितकं चांगलं तितकी पुढची रसायनं कमी, हा हिशेब मोठ्या खाणीपासून छंदी माणसापर्यंत सगळ्यांना लागू पडतो, आणि म्हणूनच माल घट्ट करण्याची नवी-नवी छोटी साधनं निघत राहिली.

त्यातलं सर्वांत जुनं म्हणजे पन्हळ. लाकडाची किंवा पत्र्याची उघडी नाळ थोड्या उतारावर ठेवायची, तळाशी आडव्या पट्ट्या आणि त्यांखाली खरखरीत कापड. पट्टीमागे पाण्याचा भोवरा होतो आणि जड कण त्यात पडून राहतो. कापडाच्या जागी पूर्वी मेंढीचं लोकरी कातडंही असे. काळ्या समुद्राच्या काठच्या कोल्खिस देशात लोक कातड्यांनी सोनं पकडतात, असं स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, आणि सोनेरी लोकरीची ग्रीक कथा त्यातूनच आली असावी असा त्याचा तर्क होता. आजच्या छंदी माणसाकडे हीच पन्हळ ॲल्युमिनियमची, घडी घालून पाठीवर टाकता येईल अशी असते.

पन्हळीतून आलेला काळा माल पुढे आणखी बारीक निवडायचा तर तीन-चार पर्याय आहेत. एक चकती, जिच्यावर मळसूत्री खाचा असतात. ती तिरकी ठेवून बारा व्होल्टच्या मोटारीवर फिरवली की सोनं खाचेतून चढत मध्यभागी येतं आणि वाळू खालच्या काठावरून वाहून जाते. दुसरं एक निळं भांडं, ज्यात पाणी गोल फिरतं आणि हलका माल मधल्या शंकूतून निघून जातो. तिसरा गुळगुळीत, किंचित उतरता फळा, ज्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहतो. हा फळा संथ आहे, पण पिठासारख्या बारीक सोन्याला याच्याइतकं चांगलं साधन घरगुती मापात दुसरं नाही. मोठ्या कारखान्यांत याचीच थोरली भावंडं आहेत: कोलोरॅडोच्या आर्थर विल्फ्ली यांनी १८९०च्या दशकात आणलेलं हलतं टेबल आणि कॅनडाच्या बायरन नेल्सन यांचं फिरतं भांडं, जे गुरुत्वाकर्षणाच्या साठपट जोराने जड कण भिंतीला दाबून धरतं. विकत आणायचं असेल तर बहुतेक छंदी यंत्रं परदेशी आणि महाग पडतात. पन्हळ मात्र गावातला पत्र्याचं काम करणारा माणूस एका दिवसात करून देईल.

बीडला खऱ्या खाणीचं नातं सांगायचं तर ते निजामाच्या काळातलं आहे. १९४८पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि त्याच संस्थानात, रायचूर जिल्ह्याच्या लिंगसुगूर तालुक्यात, हट्टीची सोन्याची खाण होती. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खाणकऱ्यांनी खोदलेली विवरं सापडली आहेत. इंग्रजी अमदानीत काही वर्षं चालून खाण बंद पडली आणि १९४७ साली हैदराबाद गोल्ड माइन्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, रायचूर कर्नाटकात गेला आणि खाणही तिकडेच राहिली. कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद झाल्यावर हट्टी हीच देशातली प्रमुख चालू खाण उरली. या मुलखात सोनं शोधताना एकदा सोन्याहून मोठं काही सापडलं. १९१५ साली सी. बीडन नावाचा निजामाकडचा खाण अभियंता मस्कीच्या डोंगरात धातूच्या खुणा पाहत फिरत होता, तेव्हा त्याला एका खडकावर कोरलेली अक्षरं दिसली. सम्राटाचं ‘अशोक’ हे नाव असलेला तो पहिला ज्ञात शिलालेख निघाला. त्याआधीच्या लेखांत फक्त बिरुदं होती आणि ती कोणाची यावर वाद घालायला जागा होती.

परदेशात सोनं धुणं आज रविवारचा उद्योग झाला आहे. कॅलिफोर्नियातल्या कोलोमा इथे २४ जानेवारी १८४८ला जेम्स मार्शलला सटरच्या गिरणीच्या पाटात पिवळे कण दिसले; ती जागा आता सरकारी उद्यान आहे आणि तिथे परात धुवायला शिकवतात. तिथल्या शाळांत चौथीला राज्याचा इतिहास असतो, त्यामुळे फ्रीमाँट-सनीव्हेलकडच्या मराठी घरांतली मुलंही सहलीला जाऊन परात हलवून येतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना घेतला की दहा वर्षं हाताच्या अवजारांनी शोध घेता येतो. फिनलंडमध्ये तांकावारा इथे १९७७ साली पहिली जागतिक स्पर्धा झाली. स्पर्धकाला वाळूची बादली मिळते, त्यात नेमके किती कण टाकले आहेत ते फक्त पंचांना माहीत असतं, आणि हरवलेल्या प्रत्येक कणामागे वेळेत तीन मिनिटांचा दंड चढतो. म्हणजे घाई करणाऱ्याला हिशेब परवडत नाही.

भारतात असा छंदाचा परवाना नाही. सोनं हे १९५७च्या खाण आणि खनिज कायद्याखाली येतं आणि राज्याच्या जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमाप्रमाणे खनिजांवर हक्क सरकारचा. विनापरवाना उपसलेल्या वाळूवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. गोदावरी आणि सिंदफणेच्या वाळूवरून बीड जिल्ह्यात जे काही चालतं ते पाहता, पात्रात घमेलं घेऊन उतरलेल्या माणसाने ‘सोनं शोधतोय’ असं तलाठ्याला सांगितलं तर तो ऐकून घेईल याची खात्री नाही. सराव घरच्या अंगणातच करावा. बांधकामाला रीतसर विकत आणलेल्या वाळूतली एक पाटी पुरते, सोबत एक टब, काळं प्लास्टिकचं घमेलं, पिठाची नको पण रव्याची चाळणी आणि मासे पकडायच्या गळाला लावतात ते शिशाचे बारीक मणी. मणी हातोडीने चपटे करायचे, कारण नदीतलं सोनंही चपटंच असतं. भडक रंग दिला तर सापडायला सोपे. शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मुलांना एकटं सोडायचं नाही.

शिसं पाण्याच्या ११.३ पट जड, त्यामुळे बुडाल्यावर वाळूपेक्षा त्याचा वरचष्मा जेमतेम सहापट राहतो, सोन्याचा होता तसा अकरापट नाही. म्हणजे हा सराव खऱ्या कामाहून अवघड. दहा चकत्या टाकून दहाच्या दहा परत काढणाऱ्याच्या हातून तेवढ्याच आकाराचं सोनं सहसा निसटणार नाही. कमी निघाल्या तर टबातला गाळ पुन्हा धुऊन हरवलेल्या चकत्या काढाव्यात आणि त्या कोणत्या थरात होत्या ते पाहावं. बहुतेक वेळा त्या तळाशी, आधी पडलेल्या वाळूतच निघतात: पुरेसं न हलवता परात तिरकी केली की जड कण खाली बसायच्या आतच वरच्या थराबरोबर बाहेर जातो.